टोळीला जागा कोण देतं?

यामागुची-गुमी ही जपानमधली सर्वांत मोठी याकुझा टोळी १९१५ साली कोबेच्या गोदीतल्या कामगारांतून उभी राहिली. पुढे अशा टोळ्यांनी शहरंच्या शहरं वाटून घेतली आणि दारावर पाटी लावून उघड कचेऱ्या चालवल्या. पोलीस कमी पडले, एवढंच त्याचं कारण सांगून भागत नाही. टोळी हत्यारावर जगते त्याहून जास्त आश्रयावर जगते, असं माझं मत आहे, आणि त्याचा भक्कम पुरावा माळव्यात आहे. आजच्या देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, नर्मदेच्या बाजूला, नेमावर आणि सतवास आहेत. दोनशे वर्षांपूर्वी पेंढारी या घोडेस्वार लुटारूंचा सरदार चितू याचं ठाणं तिथे होतं. ते काही लपून बसण्याचं ठिकाण नव्हतं. शिंद्यांनी त्याला जहागीर दिली होती. पेंढाऱ्यांत शिंदेशाही आणि होळकरशाही अशी विभागणीच होती, आणि लुटीला निघण्याच्या मोबदल्यात ते पालपट्टी नावाचा कर भरत. मराठी वाचकाला हे बोचेल, तरी सांगायलाच हवं. १८१६ मध्ये नर्मदेपलीकडून गेलेल्या पेंढाऱ्यांनी गुंटूरच्या मुलखात बारा दिवसांच्या आत ३३९ गावं लुटली. १८२ माणसं मारली गेली आणि ३,६०३ जणांचे हाल झाले.

यावर आक्षेप येतो की हे आकडे इंग्रजांचे आहेत आणि पेंढाऱ्यांचं निमित्त करून त्यांना मराठ्यांची सत्ता गिळायची होती. ईस्ट इंडिया कंपनीचा हेतू तसा होता, यात शंका नाही. पण म्हणून पालपट्टी खोटी ठरत नाही, आणि देवासच्या थोरल्या-धाकट्या पातीच्या पवारांसारख्या लहान संस्थानांची रयत त्या काळात नागवली गेली, हेही पुसलं जात नाही. कंपनीने पेंढाऱ्यांविरुद्ध काढलेल्या मोहिमेचा क्रमही पाहावा. नोव्हेंबर १८१७ मध्ये शिंद्यांना पेंढाऱ्यांविरुद्ध करार करणं भाग पडलं, जानेवारी १८१८ मध्ये होळकरांचा मंदसोरचा तह झाला, आणि फेब्रुवारीत करीमखान पेंढारी इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. पाठीमागचा हात निघाल्यावर हजारो स्वारांच्या टोळ्या काही महिन्यांत विस्कटल्या. चितू एकटा रानोमाळ भटकला आणि १८१९ मध्ये कांटाफोडच्या जंगलात वाघाने त्याला मारलं.

घोडेस्वार लुटारू आणि शहरी खंडणीखोर यांची तुलना ओढूनताणून केलेली वाटेल. पण जपानचा अनुभव तेच सांगतो. १९६३ च्या सुमारास याकुझांची संख्या १ लाख ८४ हजारांवर होती. १९९२ च्या कायद्याने टोळ्यांवर निर्बंध आले, पण खरा घाव बसला तो २०११ पर्यंत सर्व प्रांतांत लागू झालेल्या नियमांनी. त्यांनी टोळीला पैसे किंवा सोय पुरवणाऱ्या व्यापाऱ्यालाच जबाबदार धरलं. २०२४ मध्ये ही संख्या २० हजारांच्या खाली आली. उणीव राहिली ती एका ठिकाणी. करीमखानाला शरण आल्यावर गोरखपूरकडे जमीन मिळाली. टोळी सोडणाऱ्या जपानी माणसाला मात्र पाच वर्षं बँकेत साधं खातं उघडणं कठीण जातं. नाव-पत्ता नसलेल्या, मोबाइलवरून जमणाऱ्या नव्या टोळ्या तिथे फोफावत असताना ही अट सैल करणं जपानच्या हिताचं आहे.