घटकाला साहित्य बाहेरून पुरविण्याची पद्धत

मोबाइल फोनवरील ॲप म्हणजे परस्परांवर विसंबून असणाऱ्या अनेक लहान घटकांचा समूह होय. वादळाचा इशारा देणारे एखादे ॲप घ्या. त्यातील एक घटक इशारा द्यावयाचा की नाही हे ठरवितो; परंतु त्यासाठी लागणारा वाऱ्याचा वेग इंटरनेटवरून आणण्याचे काम दुसऱ्या घटकाकडे असते. हा दुसरा घटक पहिल्यास मिळावा कसा?

पहिल्याने तो स्वतःच निर्माण करावा, हा मार्ग सोपा दिसतो. परंतु त्यामुळे दोघेही एकमेकांस जखडले जातात. मग इशारा बिनचूक मिळतो की नाही, हे तपासण्यासाठी खरोखरीच्या वादळाचीच वाट पाहावी लागेल!

दुसरा मार्ग अधिक हिताचा आहे. घटक निर्माण होताना त्याची मांडणी करणाऱ्या भागास कन्स्ट्रक्टर म्हणतात व त्यास बाहेरून दिलेल्या गोष्टींना प्राचले म्हणतात. माहिती आणणारा घटक प्राचल म्हणून दिला, तर चाचणीच्या वेळी त्याच्या जागी ‘वेग ताशी १२० किलोमीटर’ एवढेच सांगणारा बनावट घटक देता येतो. अशा रीतीने निरभ्र दिवशीही इशाऱ्याची परीक्षा घेता येते. या पद्धतीस ‘डिपेन्डन्सी इन्जेक्शन’ म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या २००४ सालच्या लेखामुळे हे नाव रूढ झाले.

माहिती आणणाऱ्या घटकालाही स्वतःची प्राचले लागतात, त्या प्राचलांनाही आणखी काही लागते. ही लांबलचक साखळी हाताने जुळविणे जिकिरीचे असते. म्हणून अँड्रॉइडसाठी २०१२ मध्ये डॅगर आणि २०२० मध्ये त्यावर आधारलेले हिल्ट ही साधने पुढे आली. कन्स्ट्रक्टरवर ठरावीक खूण केली, की हे साधन प्राचलांचे प्रकार पाहून ती योग्य क्रमाने पुरविते. एखादा घटक कोठून मिळवावा हे सांगितलेले नसेल, तर ॲप तयारच होत नाही. त्यामुळे ही उणीव वापरणाऱ्याच्या हाती जाण्यापूर्वीच उघडकीस येते.

या साधनांनाही मर्यादा आहेत. अँड्रॉइडमधील पडदा, म्हणजे ॲक्टिव्हिटी, ही स्वतः अँड्रॉइड प्रणालीच निर्माण करते; म्हणून तिला लागणारे घटक हिल्ट तिच्या निर्मितीनंतर पुरविते. तसेच वापरणाऱ्याने निवडलेले गाव साधनास आधी ठाऊक नसते. अशा वेळी तयार घटक साधनाकडून व गावाचे नाव ऐनवेळी घेऊन दोहोंची जुळणी करणारा मधला घटक योजतात.

लहानशा ॲपमध्ये ही जुळणी हातानेही साधते. तत्त्व मात्र एकच: घटकाने आपली गरज उघडपणे सांगावी, ती भागविण्याचे काम इतरांकडे असावे.