मेंदूचा ब्रेक : गाबा-ए रिसेप्टर

वर्गात एखाद्या मुलाला फिट आली की कोणी कांदा आणायला पळतं, कोणी चप्पल हुंगवतं. थोड्या वेळाने फिट थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं! खरं तर बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. मग औषध नेमकं कुठे काम करतं? त्यासाठी मेंदूतला 'ब्रेक' समजून घेऊ.

चेतापेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप देतात. ग्लुटामेट म्हणतं 'चल', गाबा म्हणतं 'थांब'. गंमत म्हणजे मेंदू गाबा बनवतो तो ग्लुटामेटपासूनच, आणि त्याला ब-६ जीवनसत्त्व लागतं.

रचना : गाबाचा निरोप घेणारं एक प्रमुख प्रथिन म्हणजे गाबा-ए रिसेप्टर. पाच मुलं हात धरून गोल उभी राहिली की मध्ये मोकळी जागा उरते ना, अगदी तसंच. पाच घटक आणि मधोमध बारीक नळी. बहुतेक वेळा दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गॅमा असे हे घटक असतात. प्रत्येक घटक पेशीच्या पटलातून चार वेळा आरपार जातो. गाबा बसतं ते अल्फा आणि बीटाच्या सांध्यात. अशा दोन जागा असतात.

कार्य : गाबा बसलं की नळी उघडते आणि ऋणप्रभारित क्लोराइड आयन पेशीत शिरतात. शांत पेशीच्या आतला विद्युतदाब सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट असतो. क्लोराइडमुळे तो आणखी उणे होतो किंवा तिथेच धरला जातो. मग पेशी सहजासहजी पेटत नाही.

फिटमध्ये असंख्य पेशी एकदम पेटतात, ब्रेक अपुरा पडतो. डॉक्टर नाकात मारायला देतात तो मिडाझोलामचा फवारा अल्फा-गॅमाच्या सांध्यात बसतो. तो स्वतः नळी उघडत नाही. गाबा असताना ती जास्त वेळा उघडू देतो. कांद्याच्या वासाचं या सांध्याशी काहीच नातं नाही.

म्हणून लक्षात ठेवू या :
• मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी काहीही घालू नका.
• घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर 108 ला फोन करा. डॉक्टरांनी फवारा लिहून दिला असेल तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे वापरा.
• पालकांनो, 'आता बरा आहे' म्हणून गोळ्या मनानेच बंद करू नका. ब्रेकची सवय झालेल्या मेंदूत तो अचानक सुटला, तर फिट जोराने परत येऊ शकते.