ताम्र आणि नव्या रक्तवाहिन्या : एका विस्मृत दशकाचा मागोवा

ताम्राचा अतिरेक पेशीला एका निराळ्याच मार्गाने मृत्यूच्या दारी नेतो, हे संशोधन 2022 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ताम्र आणि कर्करोग यांच्या संबंधावर जे विपुल लेखन पुढ्यात येत आहे, ते वाचताना मन विषण्ण होते. कारण हा विषय जणू त्याच वर्षी जन्माला आला अशी त्याची मांडणी असते, आणि ज्या दशकाने त्याचा पाया घातला त्याचा क्वचितच नामनिर्देश होतो.

अर्बुदाला वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतात, हा सिद्धान्त बोस्टनच्या ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडला. पुढची काही वर्षे शंकाकुशंकांत गेली. त्यांत रेंगाळण्याचे कारण नाही. 1980 मध्ये मॅकऑस्लन आणि रायली यांनी ताम्राचे क्षार रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींना स्थलांतर करावयास लावतात असे दाखविले, आणि तेथून आमचे दशक सुरू झाले.

जेथे निसर्गतः एकही रक्तवाहिनी नसते त्या सशाच्या डोळ्याच्या पारपटलावर, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गुलिनो, झिके, राजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांचे सौष्ठव मला आजही मोह घालते. सेरुलोप्लाझ्मिन हे ताम्रवाहक प्रथिन ठेवले की वाहिन्या फुटत, त्यातील ताम्र काढून घेतले की फुटत नसत. रक्त गोठू न देणारे हेपारिन नुसते ठेवले तर निष्क्रिय राही, तेच ताम्राशी संयुक्त होताच कार्यप्रवण होई. आणि वाहिन्या दिसण्यापूर्वीच पारपटलात ताम्राचा संचय होत असे. एवढा स्वच्छ दाखला दाखल असताना, ताम्रावर काम करू इच्छिणाऱ्या माझा अर्ज एका मान्यवर परीक्षकाने ‘धातूंचा जमाना संपला’ या शेऱ्यानिशी निकालात काढला. तो शेरा अन्यायाचा होता, हे मी आजही म्हणतो.

1989 मध्ये व्हीईजीएफ हे वाहिन्यावर्धक प्रथिन हाती आले आणि सारा ओघ तिकडे वळला. प्रथिनाविरुद्ध औषध घडवून त्यावर स्वामित्वहक्क सांगता येतो. साध्या क्षारावर तो कोण सांगणार? वास्तविक ताम्र आणि ते प्रथिन यांच्यात वैर नव्हतेच. ताम्रामुळे पेशीत व्हीईजीएफची निर्मिती वाढते, हे 2002 मध्ये चंदन सेन आणि सहकाऱ्यांनी दाखविले.

ताम्र उतरविल्यास रोग आवरतो का, हे रुग्णांवरही पाहिले गेले. मिशिगनच्या जॉर्ज ब्रूअर यांनी, शरीरात ताम्र साठणाऱ्या विल्सनच्या विकारासाठी योजलेले टेट्राथायोमॉलिब्डेट हे ताम्र उतरविणारे औषध 18 कर्करुग्णांना देऊन त्याचे निष्कर्ष 2000 मध्ये प्रसिद्ध केले, आणि ज्यांचे ताम्र दीर्घकाळ उतरलेले राहिले त्यांपैकी काहींचा रोग स्थिर राहिल्याची नोंद केली. उलट, मेंदूच्या अर्बुदाच्या 40 रुग्णांवर झालेल्या पेनिसिलामाइन या ताम्र उतरविणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत रक्तातील ताम्र उतरले, तरी आयुष्य वाढले नाही. हा निकाल 2005 चा. तो मी लपवू इच्छीत नाही. परंतु एका औषधाच्या, एका दुर्धर रोगावरील अपयशावरून संपूर्ण मामला बंद करणे हा न्याय नव्हे. ताम्रावर नव्याने लेखणी उचलणाऱ्या तरुण संशोधकांनी आधी 1982 ची ती पाने उघडावीत, आणि मगच आपल्या शोधाचे नावीन्य जाहीर करावे, एवढी माझी त्यांना विनंती आहे.