उभ्या ट्रकचं भाडं

ओहायो राज्यातल्या टोलेडो शहराजवळ अमेरिकेचे दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. आय-७५ उत्तरेला डेट्रॉइटकडे जातो, आणि आय-८०/९० पूर्व-पश्चिम धावतो. इथल्या ट्रक थांब्यांवर रात्री गाड्यांची रांग लागते. बहुतेक गाड्या भरलेल्या असतात, चालक झोप काढून पहाटे निघणार असतात. त्याच रांगेत काही गाड्या मात्र वेगळ्या दिसतात. त्यांना लांबलचक ट्रेलर नसतो, एकाच सांगाड्यावर मालाची पेटी बसवलेली असते. चालकाच्या आसनामागची खोली एवढी ऐसपैस, की तिच्यात पलंग, फ्रिज, मायक्रोवेव्ह, काहींत तर न्हाणीघरसुद्धा मावतं. आत पुष्कळदा नवराबायको असतात आणि दोघंही चालक असतात. पेटी रिकामी असते. कुठे जायचं ते त्यांना ठाऊक नसतं, आणि आज निघायचं की परवा, तेही नाही.

हे एक्स्पेडाइट चालक. अतितातडीचा माल उचलायचा, वाटेत दुसऱ्या कुणाचा माल घ्यायचा नाही, गोदामात उतरवायचा नाही, थेट ज्याचा त्याच्या दारात पोचवायचा, हे त्यांचं काम. या धंद्यातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट त्यांच्या वेगात नाही, त्यांच्या थांबण्यात आहे.

ही तातडी आली कुठून? १९५६ साली टोयोटाचे ताइइची ओनो अमेरिकेला गेले होते. तिथल्या सुपरमार्केटची रीत त्यांच्या मनात ठसली होती: गिऱ्हाईक जेवढं उचलेल तेवढंच फळीवर पुन्हा भरायचं. हाच न्याय त्यांनी कारखान्याला लावला. सुटा भाग लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच यावा, साठा करून ठेवू नये. पुढे अमेरिकन कारखान्यांनी ही पद्धत उचलली आणि गोदामं आक्रसत गेली. तिचा नाजूकपणा १९९७ च्या फेब्रुवारीत जगाला दिसला. जपानमधल्या करिया इथे ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली, आणि टोयोटाचे जपानमधले जवळजवळ सगळे कारखाने काही दिवस थांबले, कारण त्या व्हॉल्व्हचा साठा काही तासांपुरताच होता. चाकणच्या पट्ट्यात काम केलेल्या वाचकाला लाइन बंद पडण्याची धास्ती समजावून सांगावी लागणार नाही.

आग रोज लागत नाही. पण कुठे साचा तुटतो, कुठे चुकीचे भाग येतात, कुठे बर्फ पडून नेहमीची गाडी अडकते. मग मिशिगनमधला कारखाना फोन करतो, आणि तासा-दोन तासांत पुरवठादाराच्या दाराशी रिकामी गाडी उभी राहते. दोन चालक असल्यामुळे एक झोपतो, दुसरा चालवतो. मेक्सिकोच्या सीमेवरच्या लारेडोपासून डेट्रॉइटपर्यंतचं सुमारे १६०० मैलांचं अंतर ते दीडेक दिवसात कापतात.

ही गाडी एवढ्या लवकर येते कशी? ती आधीपासून जवळच उभी होती म्हणून! अग्निशामक दलाचा बंब दिवसभर उभा असतो, म्हणून त्याला कुणी रिकामटेकडा म्हणत नाही; तो उभा असणं हीच शहराने विकत घेतलेली सेवा असते. एक्स्पेडाइट ट्रकचंही तसंच आहे. फरक एकच, पण फार मोठा. बंबावरच्या जवानाला उभं राहण्याचा पगार मिळतो, या चालकाला गाडी भाड्याला लागेपर्यंत सहसा काहीच मिळत नाही. ट्रकचा हप्ता, विमा, टायर, जेवणखाण सगळं चालूच राहतं. कारखान्याने गोदामाचा खर्च वाचवला, तो नाहीसा झाला नाही. त्यातला एक वाटा या खोलीत जागत बसलेल्या जोडप्याच्या वेळेत येऊन पडला.

हा धंदा आज दिसतो तसा वाढायला कायदाही बदलावा लागला. १९८० पर्यंत कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर माल न्यायचा आणि दर काय लावायचा, यावर केंद्र सरकारच्या आयोगाचं कडक नियंत्रण होतं. १ जुलै १९८० ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी मोटर कॅरियर कायद्यावर सही केली आणि ते बंधन सैलावलं. ओहायोतल्या अ‍ॅक्रनची रॉबर्ट्स एक्स्प्रेस ही एक्स्पेडाइट कंपनी त्या दशकात देशभर पसरली. १९९८ मध्ये तिची मूळ कंपनी फेडेक्सने घेतली, आणि पुढे रॉबर्ट्सची फेडेक्स कस्टम क्रिटिकल झाली. ओहायोतच उभी राहिलेली पँथर ही दुसरी एक्स्पेडाइट कंपनी २०१२ मध्ये अर्कान्सा बेस्ट या वाहतूक कंपनीकडे गेली.

आता त्या खोलीत डोकावू. रात्री दोनला फोनवर भाडं येतं: इतके मैल, इतके डॉलर, माल उचलायला इतकं रिकामं जावं लागेल. हो-नाही काही मिनिटांत सांगायचं. समजा, डेट्रॉइटजवळून ऑरलँडोचं भाडं आलं. ११५० मैल, मैलाला दीड डॉलर, म्हणजे १७२५ डॉलर. ऐकायला छान. पण फ्लोरिडात माल जातो खूप, बाहेर येतो कमी. तिथून भाडं मिळालं नाही आणि सुमारे ४५० मैल रिकामं अटलांटाला यावं लागलं, तर एकूण १६०० मैल झाले आणि मैलाला पडले एक डॉलर आठ सेंट. दुसरं भाडं फक्त ४०० मैलांचं, पण मैलाला दोन डॉलर, उचलायला १०० मैल रिकामे, आणि माल उतरतो केंटकीत, जिथे कारखान्यांची दाटी आहे. इथे मैलाला एक डॉलर साठ सेंट पडतात, शिवाय पुढचं भाडं जवळ. जाणता चालक भाडं पाहत नाही, भाड्यानंतरचं भाडं पाहतो. आणि दोन्ही नाकारून आणखी थांबणं हाही डावच असतो. जुलैत वाहन कारखाने वार्षिक सुट्टीसाठी बंद होतात, तेव्हा हा डाव फार महाग पडू शकतो.

थांबण्यात झोपेचंही गणित आहे. नियमानुसार १० तास विश्रांतीनंतर चालकाला ११ तास गाडी चालवता येते, तीही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत. दिवसभर थांब्यावर बसलेला चालक कागदावर ताजातवाना असतो. पण तो सकाळी सातला उठला आणि भाडं रात्री नऊला आलं, तर कागद आणि शरीर वेगळं बोलतात. म्हणून जोडपी आळीपाळीने, उजेडात पडदे ओढून झोपतात. न आलेल्या कामासाठी झोपून घेणं ही मला या धंद्यातली सर्वांत अवघड शिस्त वाटते.

सगळी भाडी यंत्रभागांचीच नसतात. ठरावीक तापमानात न्यायची औषधं असतात, संग्रहालयाची चित्रं असतात, लष्कराचा दारूगोळा असतो. मोठ्या धोक्याच्या स्फोटकांची गाडी क्षणभरही एकटी सोडता येत नाही: राखणदाराने गाडीत जागं राहायचं, नाहीतर १०० फुटांच्या आत, गाडी सरळ नजरेत ठेवून. अशा मालाला दर चांगला असतो, पण परवाने आणि पार्श्वभूमीची तपासणी पार केलेल्यांनाच तो मिळतो.

बहुतेक चालक आपली किंवा दुसऱ्या मालकाची गाडी एखाद्या वाहतूक कंपनीकडे लावतात. कुठे भाड्याचा टक्का मिळतो, कुठे मैलाचा ठरलेला दर. कुठे एखाद्या भागात जास्त वेळ थांबलेल्या गाडीचा नंबर आधी लागतो, कुठे भाडी नाकारली की नोंद होते. दोन थांबलेले चालक भेटले, की तुझी कंपनी काय देते हा विषय निघतोच. पण करार चालू असेपर्यंत गाडी त्या एकाच कंपनीच्या ताब्यात धरली जाते. शेजारच्या कंपनीचं भाडं कितीही चांगलं असलं, तरी ते हवं तेव्हा उचलता येत नाही. म्हणून कंपनी निवडताना मैलाच्या दरापेक्षा आठवड्यात भरलेले मैल किती, रिकाम्या मैलांचं काय, डिझेलचा अधिभार कुणाला, आणि विमा व उपकरणांपोटी कापून काय घेतात, हे विचारायचं.

इथे कायदा गाडीमालक चालकाच्या बाजूने आहे, आणि तो प्रत्येकाने वाचावा. करार लेखी हवा, मोबदला त्यात स्पष्ट हवा. कागदपत्रं दिल्यापासून १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. टक्क्यावर काम करणाऱ्याला कंपनीने ग्राहकाच्या बिलाची प्रत द्यायची असते, आणि करार संपल्यावर अनामत ४५ दिवसांत परत करावी लागते. थांबण्याच्या तासांना मात्र या नियमांत दर नाही. कारखान्याला तासाभरात गाडी हवी असेल, तर ती गाडी जवळ उभी ठेवण्याचे पैसेही बिलात वेगळे लिहिले जावेत आणि चालकापर्यंत पोचावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.