घरातील सामाईक पेटी दिसेनाशी होते तेव्हा

पूर्वी घरोघरी एक लोखंडी ट्रंक असे. शेताचे सातबारे, खरेदीखते, जन्मपत्रिका, लग्नकार्यातील छायाचित्रे, परगावाहून आलेली पत्रे असा साऱ्या कुटुंबाचा ठेवा तिच्यात असावयाचा. आज यांपैकी पुष्कळशा गोष्टी कागदावर राहिलेल्या नाहीत. छायाचित्रे भ्रमणध्वनीने काढली जातात, कागदपत्रांच्या प्रती संगणकावर ठेवल्या जातात, आणि हा सारा संग्रह एके ठिकाणी असावा म्हणून अनेक कुटुंबांनी घरात एक लहानशी पेटी आणून ठेवली आहे. तिला ‘नेटवर्क अटॅच्ड स्टोअरेज’, म्हणजेच ‘नॅस’, असे म्हणतात. आपण तिला घरातील सामाईक पेटी म्हणू.

अशी पेटी एके दिवशी एकाएकी दिसेनाशी होते. कालपर्यंत संगणकावर दिसणारे फोल्डर आज उघडत नाही. ‘मार्ग सापडला नाही’ अशा अर्थाचा रुक्ष संदेश तेवढा झळकतो. दहा वर्षांची छायाचित्रे गेली की काय, या विचाराने घरातील माणसे घाबरून जातात आणि त्या भरात हाताला येईल ते बटण दाबतात. अशा वेळी शांतपणे काय करावे व काय करू नये, याची माहिती आपणांस व्हावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पेटीच्या आत काय असते?

ही पेटी म्हणजे नुसती हार्डडिस्क नव्हे. तो एक लहानसा स्वतंत्र संगणकच असतो. त्यात एक, दोन किंवा चार डिस्क बसविलेल्या असतात, आणि एका केबलने तो घरातील राउटरला जोडलेला असतो. डिस्कवरील छायाचित्र आपल्या पडद्यावर येईपर्यंत वीज, केबल, राउटर, पत्ता, नाव, परवलीचा शब्द अशा अनेक पायऱ्या ओलांडाव्या लागतात. यांपैकी कोणतीही एक पायरी निखळली तरी पेटी दिसेनाशी होते. म्हणून पेटी दिसत नाही यावरून आतील ठेवा नाहीसा झाला, असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. बहुतेक वेळा ठेवा जागच्या जागी असतो. वाट तेवढी बंद झालेली असते.

तीन गोष्टी कटाक्षाने टाळा

पहिली गोष्ट, पेटीच्या पाठीमागील बारीक छिद्रातील ‘रीसेट’चे बटण दाबू नका. त्याचा परिणाम पेटीपेटीनुसार निराळा होतो. माहितीपुस्तिका वाचल्यावाचून त्याला हात लावणे धोक्याचे आहे.

दुसरी, पेटी चालू असताना डिस्क ओढून काढू नका. दोन डिस्कच्या पेटीत एक आधीच निकामी झालेली असली आणि चुकून चांगली डिस्क बाहेर काढली, तर उरलासुरला आधारही जातो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पेटीतील डिस्क काढून ती विंडोजच्या संगणकाला जोडली, तर ‘ही डिस्क इनिशिअलाइज करावयाची काय?’ किंवा ‘फॉरमॅट करावयाची काय?’ असा प्रश्न विचारला जातो. पुष्कळशा पेट्या लिनक्स पद्धतीने डिस्कवर लिहितात. ते लिखाण विंडोजला वाचता येत नाही, म्हणून डिस्क कोरी आहे असे त्याला वाटते. त्या प्रश्नाला ‘होय’ म्हटले की सुस्थितीत असलेला ठेवा आपल्याच हातांनी पुसण्याची सुरुवात होते. उत्तर ‘नाही’ असेच द्यावे आणि डिस्क बाजूला ठेवावी.

आता पायरीपायरीने शोध

सर्वप्रथम घरात सर्वांना विचारा: पेटी एकालाच दिसत नाही की कोणालाच दिसत नाही? वडिलांच्या संगणकावर ती दिसत नसेल, परंतु आईच्या भ्रमणध्वनीवर उघडत असेल, तर पेटी, तिची वीज व तिची केबल ही तिन्ही ठीक आहेत. दोष वडिलांच्या संगणकाकडे आहे. या एका प्रश्नाने निम्मे काम होते.

कोणालाच दिसत नसेल तर पेटीकडे वळा. तिचे दिवे लागले आहेत काय? वीज जाऊन आल्यानंतर काही पेट्या आपण होऊन सुरू होत नाहीत. बटण दाबावे लागते. काही पेट्या सुरू होतात, पण वीज अवचित गेलेली असल्यामुळे आतील डिस्कची तपासणी करीत बसतात, आणि डिस्क मोठी असली तर या कामास कित्येक तास लागतात. अशा वेळी पुन्हापुन्हा बंद-चालू करू नये. दिवा लागतो पण डिस्क फिरत नाही, असेही घडते. डिस्क फिरू लागताना विजेचा प्रवाह अधिक लागतो व जुना झालेला अडॅप्टर तो पुरवू शकत नाही. त्याच व्होल्टचा व पुरेशा अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. मात्र डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर पेटी लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावी.

मग केबल पाहा. टोकाची प्लास्टिकची पकड तुटली की केबल सैल होते, आणि उंदीर तर आपल्या घरी पाहुण्यासारखा वागत नाहीच. दुसरी केबल लावावी, राउटरचे दुसरे छिद्र वापरावे. केबल अर्धवट बिघडली तर पेटी दिसते, पण अतिशय मंद चालते. या केबलीत तारांच्या चार जोड्या असतात. चारही शाबूत असतील तर सेकंदाला १,००० मेगाबिटचा वेग मिळतो; एखादी तार तुटली तर दोनच जोड्यांवर काम भागवून वेग १०० मेगाबिटवर उतरतो. १०० गिगाबाइटची छायाचित्रे पहिल्या वेगाने सुमारे पाव तासात उतरतात. दुसऱ्याने अडीच तास लागतात.

पत्ता बदलला तर

केबल ठीक असेल तर बहुधा पत्त्याची अडचण असते. घरातील प्रत्येक यंत्राला राउटर एक क्रमांक देतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. खासगी जाळ्यांसाठी काही क्रमांक राखून ठेवण्यात आले आहेत, १९२.१६८ ने सुरू होणारे क्रमांक त्यांपैकीच होत. हा पत्ता कायमचा नसतो. राउटर बदलला, किंवा वीज गेल्यावर सारी यंत्रे पुन्हा सुरू झाली, तर कालचा पत्ता आज दुसऱ्याच यंत्राला मिळू शकतो. आपला संगणक मात्र जुन्या पत्त्यावरच पेटीला शोधीत राहतो. घर बदललेल्या नातेवाइकाला जुन्या पत्त्यावर पत्र धाडावे, तसा हा प्रकार आहे.

यावर उपाय सोपा आहे. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. तीत पेटीचा नवा पत्ता पाहावा आणि तोच तिच्यासाठी कायम राखून ठेवावा. बहुतेक राउटरांत तशी सोय असते. पेटीचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून उत्तर न आल्यामुळे पेटीने स्वतःच पत्ता घेतला आहे असे समजावे व पुन्हा केबल आणि राउटर तपासावेत.

फायबर घेतलेल्या घरांत आणखी एक घोटाळा होतो. कंपनीने दिलेली पेटी स्वतःच राउटर असते, आणि आपण तिला आपला दुसरा राउटर जोडतो. मग घरात दोन मोहल्ले तयार होतात: एकात पत्ते १९२.१६८.० चे, दुसऱ्यात १९२.१६८.१ चे. पेटी एका मोहल्ल्यात व संगणक दुसऱ्यात असला की गाठ पडणे कठीण होते. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ या पद्धतीवर ठेवला म्हणजे मोहल्ला एकच राहतो. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ‘गेस्ट’ वाय-फायवरूनही पेटी दिसत नाही. पाहुण्यांना घरातील यंत्रे दिसू नयेत म्हणूनच ते निराळे ठेवलेले असते.

नाव, भाषा आणि परवलीचा शब्द

पत्त्यावरून पेटी उघडते, पण नावावरून उघडत नाही, असे असेल तर पेटी निर्दोष आहे; नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था तेवढी चुकली आहे. विंडोजवर दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन त्यांपुढे पत्ता लिहिला की काम होते.

परंतु पेटी जुनी असेल आणि संगणक नवा असेल, तर कारण निराळे असू शकते. ही यंत्रे ज्या भाषेत बोलतात तिला एसएमबी म्हणतात. तिच्या पहिल्या आवृत्तीतील एका दोषाचा फायदा घेऊन मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू दीडशेहून अधिक देशांत पसरला. ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामही त्यामुळे खोळंबले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतील विंडोज १० च्या आवृत्तीपासून ही जुनी भाषा आपोआप बसविणे बंद करण्यात आले. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीने नियम आणखी कडक केले: परवलीच्या शब्दावाचून पाहुणा म्हणून आत शिरणे बंद झाले, आणि अनेक संगणकांवर प्रत्येक निरोपावर सहीची सक्ती झाली. परिणामी, जुन्या पेट्या नव्या संगणकांवर एकाएकी दिसेनाशा झाल्या.

अशा वेळी जुनी भाषा पुन्हा सुरू करा, असा सल्ला कोणीही देईल. तो मानू नये. चोराच्या भीतीने बुजविलेले खिंडार सोयीसाठी पुन्हा उघडण्यासारखे ते आहे. पेटीची अंतर्गत प्रणाली अद्ययावत करावी, एसएमबीची दुसरी वा तिसरी आवृत्ती चालू करावी, आणि घरातील प्रत्येकासाठी नाव व परवलीचा शब्द ठरवावा. उत्पादकाने सुधारणा देणे बंद केले असेल, तर पेटीचे आयुष्य संपले असे समजून आतील संग्रह दुसरीकडे हलवावा.

दुसरी प्रत हवीच

दोन डिस्कच्या पेटीत एकीची नक्कल दुसरीवर आपोआप होते. या पद्धतीला रेड म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या शास्त्रज्ञांच्या १९८८ च्या निबंधाने हे नाव रूढ झाले. एक डिस्क गेली तर दुसरी काम चालविते, एवढेच तिचे आश्वासन आहे. चुकून पुसलेले फोल्डर दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसले जाते. वीज कोसळली किंवा चोर आला, तर दोन्ही बरोबरच जातात.

दूरच्या संकटाचेही एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या पेट्या इंटरनेटवरून दुष्टांनी परस्पर पुसल्या. या पेट्यांना २०१५ पासून सुधारणा मिळत नव्हत्या. घरातील पेटी बाहेरून उघडता यावी म्हणून राउटरमध्ये थेट दार ठेवणे किती घातक आहे, हे यावरून ध्यानी यावे.

म्हणून एका साध्या डिस्कवर महिन्यातून एकदा सर्व संग्रहाची नक्कल करून ती पेटीपासून अलग ठेवावी, आणि आणखी एक प्रत दुसऱ्या गावी असावी. आपली मराठी कुटुंबे आज पुण्याप्रमाणेच इंदूर, बडोदे, हैदराबाद व बंगळूर येथेही पसरली आहेत. दिवाळीस एकत्र जमताना भावंडांनी एकमेकांच्या डिस्क बदलून नेल्या, तर हे काम फराळाच्या डब्यांबरोबर होऊन जाईल.

एक सूचना शेवटची. बहुतेक घरांत पेटी बसविलेली असते मुलाने किंवा मुलीने, आणि ती दिसेनाशी होते ते मूल परगावी असताना. तेव्हा पेटीचा पत्ता, व्यवस्थापकाचे नाव, परवलीचा शब्द कोठे लिहून ठेवला आहे ते, डिस्क खरेदीची तारीख आणि दुसरी प्रत कोणाकडे आहे, एवढे एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून तो कागद घरातील महत्त्वाच्या दस्तऐवजांत ठेवावा. घरातील किमान दोघांना तो कोठे आहे हे माहीत असावे. हे काम या रविवारी अर्ध्या तासात होण्याजोगे आहे.