मधुमेहाचा रोगी आणि इतर आजारांची औषधे

विश्वभूषण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मधुमेहाने ग्रासले होते, हे आपण सर्व जाणतो. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्ली येथे त्यांचा विवाह झाला, त्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. बाबासाहेबांचे पथ्यपाणी आणि इन्सुलिनची इंजेक्शने त्या सांभाळीत. मुंबईचे डॉ. मालवणकर त्यांच्यावर उपचार करीत. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या दोघांचेही ऋण मान्य केले आहे. औषधोपचार नीट सांभाळला गेला, म्हणूनच एवढे ग्रंथलेखन आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा आपल्याला लाभली, असे आम्हांस वाटते.

आज कांजूरमार्गच्या आपल्या वस्त्यांतही साखरेचा आजार घरोघरी पोहोचला आहे. साखर गोडधोड खाल्ल्याने वाढते, हे सर्वांना माहीत असते. परंतु दुसऱ्याच आजारासाठी घेतलेल्या औषधानेही ती वाढते वा घटते, हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला. मधुमेहाच्या गोळ्यांचा शोध मात्र वेगळ्याच मार्गाने लागला. १९४२ साली फ्रान्समध्ये विषमज्वराच्या रोग्यांना एक नवे सल्फा औषध दिले असता काहींची रक्तशर्करा एकाएकी घसरली. त्या निरीक्षणातूनच पुढे ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या तयार झाल्या. म्हणजे तापावरचे औषध साखरेवर काम करू शकते, हा धडा पहिल्यापासूनच मिळालेला आहे.

साखर वाढविणारी औषधे

यात पहिला क्रमांक स्टेरॉइडचा. दमा, सांधेदुखी, त्वचारोग यांवर प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही औषधे देतात. ती यकृताला जास्त साखर सोडायला लावतात आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. सकाळी गोळी घेतली तर साखर बहुधा दुपारनंतर चढते, त्यामुळे केवळ उपाशीपोटी तपासणी केली तर सर्व ठीक आहे असा समज होतो. अशा वेळी जेवणानंतरची तपासणीही करावी. गुडघ्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनानेही काही दिवस साखर वाढू शकते. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्या महाराष्ट्रात 'काळी बुरशी' या रोगाने हाहाकार माजविला. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही त्याची प्रमुख कारणे होती. तरीही बरेच दिवस चालू असलेले स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करू नये, त्याने जिवाला धोका होतो. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते.

रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या लघवीच्या काही गोळ्या आणि कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्या साखर किंचित वाढवितात. परंतु हृदयविकार व पक्षाघात टाळण्याचा त्यांचा लाभ कितीतरी मोठा आहे. म्हणून त्या सोडू नयेत, साखर मात्र तपासत राहावी. मानसिक आजारावरील ओलान्झापिनसारख्या औषधांनी वजन व साखर दोन्ही वाढतात. तेथेही हाच नियम.

आपल्या दाट वस्तीत क्षयरोगाचा प्रश्न गंभीर आहे. क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध मधुमेहाच्या काही गोळ्यांचा यकृतात लवकर निचरा करते. मग गोळी घेऊनही साखर वाढलेली दिसते, आणि क्षयाचा कोर्स संपला की तोच डोस जास्त ठरून साखर उतरू शकते. यास्तव क्षयाचे उपचार सुरू होताना व संपताना, दोन्ही वेळी मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवावे.

साखर उतरविणारी औषधे

साखर वाढल्याचे नुकसान सावकाश होते, पण ती उतरली तर काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडतो. लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातील जंतुनाशके मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. याच कारणाने गॅटिफ्लॉक्सासिन या औषधावर २०११ साली भारतात बंदी घालण्यात आली. वेदनाशामक गोळ्या सतत खाल्ल्याने मूत्रपिंड दुबळे झाले, तर मधुमेहाची गोळी शरीरात साचून राहते आणि तिचा परिणाम लांबतो. रक्तदाबाच्या व हृदयाच्या काही गोळ्या (प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅटेनोलॉल) हातांची थरथर आणि छातीची धडधड झाकून टाकतात. अशा रोग्याला केवळ दरदरून घाम येतो, तेवढी एकच खूण उरते.

याचा आपल्या आचरणाशी जवळचा संबंध आहे. वर्षावासात व पौर्णिमेला अनेक उपासक-उपासिका अष्टशील घेऊन माध्यान्हीनंतर भोजन करीत नाहीत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत आपण तासन्‌तास उभे राहतो. सकाळची गोळी वा इन्सुलिन घेतले आणि जेवण मात्र हुकले, तर काय होईल हे सांगायला नको. अशा दिवसांसाठी डोस किती व केव्हा घ्यावा, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. डॉक्टरांनी नको म्हटल्यास वेळेवर जेवावे. शरीराला क्लेश देणे हा तथागतांचा मध्यम मार्ग नव्हे.

घाम, थरथर, भोवळ, चिडचिड, बरळणे ही लक्षणे दिसली की तपासणीची वाट न पाहता तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यात घालून द्यावी. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी, आणि नंतर पोळी-भात असे काही खायला द्यावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असणाऱ्यांना साध्या साखरेचा गुण लवकर येत नाही. त्यांनी ग्लुकोजच खिशात ठेवावे. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ताबडतोब १०८ वर गाडी बोलवावी.

आपण काय करावे ?

१) आपल्या सर्व औषधांची यादी एका कागदावर लिहून जवळ ठेवावी. महापालिकेच्या दवाखान्यात, राजावाडीला किंवा खाजगी डॉक्टरांकडे गेल्यावर तो कागद प्रथम दाखवावा.

२) नवे औषध मिळाले की 'याने साखरेवर काय परिणाम होईल ?' असे निःसंकोच विचारावे.

३) पहिले काही दिवस तपासणी अधिक वेळा करावी.

४) 'साखर मुळापासून घालवतो' म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांपासून दूर राहावे. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड वा मधुमेहाच्याच गोळ्यांची भेसळ आढळलेली आहे.

५) विद्यार्थी मित्रांनी घरातील वडीलधाऱ्यांची यादी स्वतः लिहून द्यावी. आजी-आजोबांना गोळीवरचे इंग्रजी नाव वाचता येत नसेल, तर आपल्या शिक्षणाचा तेथे उपयोग व्हावा.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेल्या, कोणीही न विचारणाऱ्या भिक्खूची भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः शुश्रूषा केली. त्याच ठिकाणी चांगल्या रोग्याची लक्षणेही सांगितली आहेत. तो पथ्य पाळतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो आणि शुश्रूषा करणाऱ्याला आपला आजार आहे तसा सांगतो. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिकवण आजही लागू आहे. आजार लपवू नये, औषध लपवू नये, एवढे जरी आपण पाळले तरी वस्तीतील कित्येक संकटे टळतील.

जय भीम ! नमो बुद्धाय !