बुडण्याआधीच ‘बुडीत’
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बऱ्याच वर्षांपूर्वी मोलगीच्या आठवडी बाजारात आमचूर विकायला आलेल्या एका आजोबांना मी गाव विचारले. नर्मदाकाठच्या गावाचे नाव सांगून ते म्हणाले, ‘‘बुडीतातलं गाव आमचं.’’

‘‘घर बुडालं का?’’

‘‘नाही. घर उभं आहे. कागदावर बुडीत आहे.’’

तेव्हापासून हा शब्द माझ्या मनात घर करून आहे.

येणाऱ्या संकटासाठी मराठीत विशेषणे पुष्कळ. ‘संभाव्य’ संकट येईल किंवा टळेलही. ‘येऊ घातलेले’ संकट निघाले आहे, पण पोहोचलेले नाही. ‘आसन्न’ म्हणजे अगदी जवळ येऊन ठेपलेले. म्हणून मरणाच्या दारातला तो आसन्नमरण आणि दिवस भरलेली ती आसन्नप्रसवा. या शब्दांत संकट आणि माणूस यांच्यामध्ये थोडा अवधी उरतो. त्यात सावध होता येते, सामान हलवता येते, भांडताही येते.

‘बुडीत’ हा अवधीच पुसून टाकतो. ‘बुडालेले’ म्हणजे झाले ते. ‘बुडणारे’ म्हणजे होणार ते. ‘बुडीत’ काळ सांगतच नाही. बुडीत कर्ज म्हटले की त्या पैशाची आशा सुटलीच. गावाला हेच विशेषण लागले, की तिथे रस्ता, शाळेची खोली कशाला, असे कुणालाही सहज वाटते.

सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे आली. लवादाचा निवाडा १९७९ चा. मणिबेलीत पाणी शिरले १९९३ मध्ये. धरण १३८.६८ मीटरच्या पूर्ण उंचीपर्यंत भरले २०१९ मध्ये. म्हणजे निवाडा आणि पूर्ण भरलेले धरण यांत चाळीस वर्षे गेली. तेवढ्यात तिथे मुले जन्मली, मोठी झाली, त्यांचीही लग्ने झाली.

गंमत अशी, की पाणी येण्याच्या एक वर्ष आधी पुनर्वसन व्हावे, असे लवादानेच सांगितले होते. म्हणजे निवाड्याच्या लेखी ही गावे ‘बुडणारी’ होती. बोलण्यात ती ‘बुडीत’ झाली.

शब्दाने पाणी अडत नाही, हे खरे. पण ‘बुडणारे गाव’ म्हटले, की ऐकणारा विचारतो, ‘‘कधी? आणि माणसे कुठे जाणार?’’ ‘बुडीत गाव’ म्हटल्यावर कुणी काहीच विचारत नाही.